पाच चालींत मात

दिवाळीच्या फराळात मला कशाची धास्ती वाटत असेल तर ती अनारशांची. चकली वाकडी झाली तरी ती चकलीच राहते. करंजीचे पोट फुटले तर ती घरच्या घरी खपवता येते. पण अनारसा तुपात हसला की साऱ्या घराचे तोंड उतरते. आमच्या घरी मात्र अठ्ठावन्न वर्षे ही धास्ती कुणाला ठाऊक नव्हती, कारण आमच्या घरी अनारसे होतच नसत. ते येत. पाडव्याच्या सकाळी, पितळी डब्यात, वर धुवट फडके बांधून, मुनीमकाकांच्या घरून येत.

त्या डब्यामागे एक पैज होती आणि पैजेमागे बुद्धिबळाचा एक डाव होता.

आमचे घाटंजी हे कापसाचे गाव. यवतमाळहून सागाच्या जंगलातून सडक येते, वाघाडी नदी ओलांडली की गाव लागते. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू होते, कापसाच्या गाड्या येऊ लागतात आणि जिनातल्या रेच्यांची घरघर रात्रभर ऐकू येते. मुनीमकाका अशाच एका जिनात मुनीम होते. माझे वडील शाळामास्तर. दिवसभर एकाने कापसाचे आकडे मांडायचे, दुसऱ्याने मुलांची गणिते तपासायची आणि रात्री दोघांनी जिनाच्या ओसरीवर सतरंजी टाकून पट मांडायचा, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ होता.

१९६७ सालच्या वसुबारसेची रात्र मला लख्ख आठवते. मी अकरा वर्षांचा होतो. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही या अटीवर मला शेजारी बसू दिले होते. पैज त्या दिवशी काकूंनीच लावून दिली होती. हरेल त्याने दर दिवाळीला जिंकणाऱ्याच्या घरी डबाभर अनारसे पाठवायचे, पुढचा डाव जिंकून पैज फेडीपर्यंत. मध्यरात्र उलटली. बाबा बराच वेळ पटाकडे पाहात राहिले आणि मग शाळेत फळ्यावर उत्तर लिहावे तितक्या शांतपणे म्हणाले, “मुनीमजी, पाच चालींत मात आहे.”

त्यांनी चाली तोंडाने म्हणून दाखवल्या. पहिल्या चालीला हत्तीचा बळी, राजाने तो मारलाच पाहिजे. दुसरीला वजिराचा शह, राजा कोपऱ्यात. तिसरीला लांबून उंटाचा शह. राजा हलेल. चौथीला वजीर, पाचवीला मात. काका पाव तास पटावर वाकून बसले होते. मग त्यांनी हळूच आपला राजा आडवा केला आणि म्हणाले, “मास्तर, मानलं.”

ही कथा आमच्या घरात पुढे रामायणातल्या धनुर्भंगासारखी सांगितली जाई. त्या कथेला दोन शेपटे होती, पण त्यांचा अर्थ कुणी लावला नव्हता. एक म्हणजे त्या दिवाळीनंतर बाबांनी पुन्हा कधी पट मांडला नाही. लोक म्हणत, शिखरावर असताना खेळ सोडणारा मास्तरांसारखा विरळा. दुसरे म्हणजे बाबांनी ते अनारसे कधी खाल्ले नाहीत. “मला तुपाचे सोसत नाही,” म्हणत. आम्हा भावंडांना त्यात आनंदच होता, कारण एक वाटेकरी कमी! १९९९ साली बाबा गेले. काकू त्यांच्याआधीच गेल्या होत्या. तरी डबा येत राहिला. आधी काकांची सून करी, पुढे नातसून करू लागली.

२०२५ सालच्या दिवाळीपर्यंत हे असे चालले होते.

त्या वर्षीच्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आमच्या विदर्भातल्या घराघरांतले माळ्यावरचे पट खाली आले. माझा नातू नागपुरास इंजिनियरिंग शिकतो. तो दिवाळीच्या सुट्टीत आला तो हेच वेड घेऊन. झाडलोट करताना बाबांची ट्रंक उघडली आणि तीत त्यांची बुद्धिबळाची वही निघाली. रेघारेघांच्या चौकटी, लाल-काळ्या शाईने मांडलेली मोहरी आणि एका पानावर त्यांच्या वळणदार अक्षरात: ‘वसुबारस. मुनीमजींशी. पाच चालींत मात.’

नातवाने ती मांडणी आपल्या फोनमधल्या तयार प्रोग्रामला घातली. मी देवघरातून ओसरीवर येईपर्यंत उत्तर आलेसुद्धा.

“आजोबा, इथे मात नाहीये.”

माझे डोकेच फिरले! ज्या माणसाने जन्मभर पोरांचा एक मार्कदेखील चुकीचा दिला नाही त्याच्या शब्दाला डबीएवढे यंत्र खोटे म्हणते? मी म्हणालो, “ते परक्याचे यंत्र आत काय करते ते तुला ठाऊक आहे का? मला नाही. मी नाही मानत.”

पोरगा शहाणा. वाद घालत बसला नाही. म्हणाला, “मग मीच तुमच्या डोळ्यांदेखत एक प्रोग्राम लिहितो. फक्त मात शोधणारा. प्रत्येक पायरीला तो काय करतो ते तुम्हाला सांगतो. मग तर झाले?” आणि पुढले तीन दिवस आमच्या ओसरीवर फराळाच्या ताटांच्या जोडीला संगणक मांडला गेला. त्यात मला जे शिकायला मिळाले ते या वयात मिळेल असे वाटले नव्हते.

पहिला प्रोग्राम अगदी सरळमार्गी होता. आपल्या सगळ्या चाली करून पाहायच्या, त्या प्रत्येकीवर समोरच्याच्या सगळ्या चाली, त्या प्रत्येकीवर पुन्हा आपल्या. ऐकायला सोपे आहे. पण डावाच्या मध्यावर एकेका बाजूला सुमारे तीस चाली करता येतात. पाच चालींत मात म्हणजे आपल्या पाच आणि समोरच्याच्या चार, अशा नऊ पायऱ्या. तिसाला तिसाने नऊ वेळा मांडून गुणा. मी कागदावर गुणाकार केला: एकोणीस लाख अडुसष्ट हजार तीनशे कोटी. नातवाचा प्रोग्राम सेकंदाला दहा लाख मांडण्या पाहात होता. तरी हिशेब सव्वादोनशे दिवसांच्या पुढे गेला.

“म्हणजे उत्तर येईतो मृग निघेल,” मी म्हणालो. मनातून मला बरे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही.

नातू हसला. म्हणाला, “अगदी पहिल्या दिवसापासून ही अडचण आहे.” १९५१ साली मँचेस्टरला डीट्रिख प्रिन्झ नावाच्या माणसाने संगणकावर बुद्धिबळाचा पहिला प्रोग्राम चालवला. तो पूर्ण डाव खेळूच शकत नसे, फक्त दोन चालींतली मात शोधी. काम हलके करावे म्हणून प्रिन्झने किल्लेकोट आणि प्याद्याची बढती यांना चक्क फाटा दिला होता. तरीही एका प्रश्नाला सुमारे पंधरा मिनिटे लागली. दोन चालींना पंधरा मिनिटे, तर पाच चालींना किती? नुसते यंत्र जलद करून हे निभत नाही. काय पाहायचे नाही, ते आधी ठरवावे लागते.

इथे मला एक गोष्ट पहिल्यांदाच नीट कळली. मात सिद्ध करणे हे एकतर्फी काम आहे. आपल्या बाजूने एक चांगली चाल सापडली की पुरे, उरलेल्या एकोणतीस पाहायचे कारण नाही. समोरच्याच्या मात्र प्रत्येक चालीला आपल्याकडे उत्तर असले पाहिजे. त्याच्या तीस चालींपैकी एकोणतीसांना उत्तर आहे आणि एकीला नाही, तर मात नाही. मुलीच्या लग्नात शंभर पाहुण्यांचे मानपान यथासांग झाले आणि एकच व्याही रुसून बसला, तर शंभरांचे समाधान जसे फुकट जाते तसेच हे! म्हणून समोरच्याची एक सुटका सापडली की त्या वाटेवरचे उरलेले सगळे पाहणे थांबवायचे आणि पुढल्या वाटेला लागायचे. एवढ्यानेच काम कितीतरी हलके होते.

मग आधी कोणती वाट पाहायची? १९६६ साली अमेरिकेत जॉर्ज बेलर आणि हर्बर्ट सायमन यांनी केवळ मात शोधणारा एक प्रोग्राम प्रसिद्ध केला. त्यांनी यंत्राला दोनच गोष्टी शिकवल्या. पहिली, शह देणाऱ्या चाली आधी पाहा, कारण शह बसला की समोरच्याची मनमानी संपते. दुसरी, त्या शहांतही ज्याला समोरच्याकडे सर्वांत कमी उत्तरे असतील तो आधी घे. समोरच्याकडे एकच उत्तर असेल तर उत्तम, दोन असतील तर त्याच्या मागाहून. कोणती चाल दिसायला सुंदर आहे, किती मोहरी मारते, याची चौकशीच नाही. पळायला वाटा किती, एवढेच विचारायचे.

आमच्या टिपेश्वरकडच्या रानात पूर्वी शिकारीचे हाकारे होत. जुने लोक सांगत की जाणता शिकारी जनावरापाठी धावत नसे. ज्या नाळीला बाहेर पडायची एकच वाट, तिकडे हाकारा वळवायचा आणि त्या वाटेवर बसायचे. बेलर-सायमनांच्या यंत्राची अक्कल याहून वेगळी नव्हती. पुढे १९९४ साली हॉलंडच्या व्हिक्टर आलिसने हीच अक्कल गणितात बांधली. प्रत्येक वाटेवर एक आकडा लिहायचा: इथे मात सिद्ध व्हायला अजून कमीत कमी किती गोष्टी सिद्ध कराव्या लागतील? ज्या वाटेवर आकडा सर्वांत लहान, तिकडे पुढचे पाऊल टाकायचे. एका पावलाने आकडे बदलले तर वाटही बदलायची. अशा रीतीच्या प्रोग्रामांनी जपानी बुद्धिबळातल्या शेकडो चालींच्या मातीसुद्धा सोडवल्या आहेत. यंत्राला हट्ट नसतो, हा त्याचा मोठा गुण. आपण एकदा एका वाटेवर जीव जडवला की ती बंद दिसली तरी तिथेच डोके आपटत बसतो.

नातवाने दुसरा प्रोग्राम असा लिहिला. पुन्हा हिशेब केला. समजा, दर वेळी आपल्याकडे तीन शह आहेत आणि प्रत्येकाला समोर दोनच उत्तरे आहेत. तर नऊ पायऱ्यांच्या सगळ्या वाटा मिळून होतात तीन हजार आठशे अठ्ठ्याऐंशी! कुठे ते लाखो कोटी आणि कुठे हे! शिवाय प्रोग्राम आधी एका चालीची मात शोधी, नाही मिळाली तर दोनांची, मग तीनांची. मला हे उधळमाधळ वाटले, पाचांपर्यंत जायचेच आहे तर पुन्हा पुन्हा पहिल्यापासून कशाला? पण दर पायरीला काम इतके पटींनी वाढते की आधीच्या साऱ्या पायऱ्यांचा खर्च शेवटच्या पायरीपुढे चिल्लर ठरतो. फायदा असा की जवळची मात आधी सापडते आणि एकदा चारांत सापडली की पाचव्या चालीकडे ढुंकूनही पाहायचे नाही. हरवलेला चष्मा आपण आधी खिशात चाचपतो, मग टेबलावर, मग शेजाऱ्याकडे विचारतो. त्यातलाच प्रकार.

त्याने कळ दाबली. मी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला तोवर उत्तर आले होते. नुसत्या शहांनी मात नाही. आणि का नाही तेही पडद्यावर होते. बाबांची तिसरी चाल, लांबून उंटाचा शह. तिथे बाबा म्हणाले होते, ‘राजा हलेल.’ राजाने हलायची गरज नव्हती. उंट आणि राजा यांच्या मधल्या घरात काळ्याचा घोडा येऊ शकत होता. आणि त्या घरात आला की तो घोडाच उलट बाबांच्या राजाला शह देत होता.

काटशह! बाबांनी समोरच्याचे एक उत्तर मोजले नव्हते.

मी तरी हटलो नाही. मी म्हणालो, “तुझे यंत्र शहच पाहते. खरी खोल मात शहाने सुरूच होत नाही.” आणि बाबांच्याच वहीतले दुसरे पान त्याच्यापुढे धरले. त्यावर बाबांनी एक प्रसिद्ध कूट उतरवून घेतले होते. १८४५ साली विलायतेतल्या एका बुद्धिबळाच्या मासिकात ते छापले गेले. पाठवणारा हिंदुस्थानात होता आणि खाली नाव होते ‘शागीर्द’. हा शागीर्द म्हणजे दिल्लीतला एक पाद्री, हेन्री लवडे. चार चालींत मात, पण भल्याभल्यांना सुटेना, कारण त्यात शहाचा आवाज शेवटपर्यंत नाही. एक मोहरा एक घर ओलांडून मुकाट्याने लांब जाऊन उभा राहतो. मग दुसरा त्या ओलांडलेल्या घरात येऊन त्याच्याच आड उभा राहतो. कोंडलेल्या राजाला त्यामुळे हलायला एक घर मिळते. तो हलतो, आणि आड उभा असलेला बाजूला होताच मागच्याचा शह बसून मात होते. जगभर त्याला आजही हिंदी कूट म्हणतात. हा नाद आपल्याकडे त्याहूनही जुना. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचे बुद्धिबळावरचे पुस्तक इंग्रजीत छापले गेले, तेही मुख्यतः अशा अडलेल्या डावांचेच होते.

“बाबांना हे कूट पाठ होते,” मी म्हणालो. “त्यांच्या डावात अशी एखादी मुकी चाल असेल. ती तुझ्या यंत्राला दिसली नसेल.”

नातवाने वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला, “बरोबर आहे तुमचे. शह नाही म्हणून मात नाही, असे म्हणता येत नाही. आता सगळ्याच चाली पाहू.”

माझ्या पोटात धस्स झाले. पुन्हा ते सव्वादोनशे दिवस? पण आता प्रश्न उलटा झाला होता. मात आहे हे सिद्ध करायचे नव्हते, नाही हे करायचे होते. तेव्हा भारही उलटला. आता आपल्या प्रत्येक चालीचा विचार करावा लागणार, पण समोरच्याचे प्रत्येक ठिकाणी एकच अचूक उत्तर पुरे. आपल्या पाच पायऱ्या तीस-तीसच्या आणि त्याच्या चार पायऱ्या एकेकीच्या. गुणाकार होतो दोन कोटी त्रेचाळीस लाख. सेकंदाला दहा लाख पाहणाऱ्याला ते अर्ध्या मिनिटाचेही काम नाही.

अर्थात अचूक उत्तर पहिल्याच फटक्यात सुचेल तर. त्यासाठीही युक्त्या आहेत. समोरच्याच्या ज्या चालीने एका ठिकाणी आपला बेत मोडला, तीच पुढल्या ठिकाणी सर्वांत आधी वापरून पाहायची. पुष्कळदा तीच लागू पडते. आणि एकदा पाहिलेली मांडणी पुन्हा पाहायची नाही. आधी हत्ती मग उंट, किंवा आधी उंट मग हत्ती, वाटा निराळ्या तरी पटावरचे चित्र एकच. ते कसे ओळखायचे? १९७० साली अल्बर्ट झोब्रिस्टने सुचवलेली रीत मला फार आवडली. प्रत्येक घरातल्या प्रत्येक मोहऱ्याला एकेक मोठा बेछूट आकडा आधीच देऊन ठेवायचा. पटावर असतील तेवढ्या मोहऱ्यांचे आकडे एका ठराविक रीतीने एकत्र केले की साऱ्या मांडणीचा एकच आकडा तयार होतो. एक मोहरा हलला तर तेवढाच हिशेब बदलायचा. जिनातून बाहेर पडणाऱ्या गाठीवर मार्का असतो, गाठ उकलून कापूस पाहात बसावे लागत नाही. तसाच हा मांडणीचा मार्का. वहीत तो आकडा दिसला की ‘हे पाहून झाले’ म्हणून पुढे जायचे.

सौभाग्यवतींनी आत चहा टाकला होता. तो उकळून कपात येईपर्यंत उत्तर आले.

पाच चालींत मात नाही. मुकी नाही, बोलकी नाही, कुठलीच नाही. जवळजवळ प्रत्येक वाटेवर बेत मोडणारे उत्तर एकच होते, तो घोडा.

नातू काही बोलला नाही. मी वही मिटायला घेतली. मिटताना ते पान उलटले आणि मागल्या बाजूला शिसपेन्सिलीची पुसट अक्षरे दिसली. आजवर मला ती दुसऱ्याच कुठल्या डावाची वाटली होती. आता वाचता आली.

‘भाऊबीज. ३ री चाल. काळ्याचा घोडा मधे. काटशह. मात नाही.’

आणि खाली एक ओळ: ‘मुनीमजींना सांगणे.’

बाबांची एक सवय होती. वहीत कामे लिहायची आणि काम झाले की पुढे बरोबरची खूण करायची. किराणा, पोस्ट, शाळेचा रिपोर्ट, सगळ्यांपुढे त्यांच्या त्या ठसठशीत खुणा असत. या ओळीपुढे खूण नव्हती.

भाऊबीज, म्हणजे डाव झाल्यावर आठवड्याच्या आतच. आणि तोवर पाडव्याला पहिला डबा येऊन गेला होता. काकूंनी तो स्वतः आणून दिला होता आणि गावभर मास्तरांच्या त्या पाच चालींची वाहवा चालली होती. बाबा दुसऱ्या दिवशी सांगू म्हणाले असतील, मग देवदिवाळीनंतर, मग संक्रांतीला तिळगूळ देताना. असा एकेक दिवस गेला की पुढचा अधिक अवघड होत जातो. ते एका दिवसात सांगितले असते तर हसण्यावारी गेले असते. बत्तीस वर्षे त्यांनी तुपाचे सोसत नाही म्हणून सांगितले, आणि त्यांना न सोसणारी गोष्ट कोणती होती ते आमच्यापैकी एकालाही कळले नाही.

त्या रात्री मला झोप नाही. सांगावे की न सांगावे? बाबा गेले, काकू गेल्या, काका नव्वदीला टेकलेले. आता त्यांना हे सांगून कुणाचे भले व्हायचे होते? आणि मुलाने बापाची झाकली मूठ उघडावी का? सगळी उत्तरे न सांगण्याच्याच बाजूची होती. एका ओळीला मात्र उत्तर नव्हते, ती पेन्सिलीची ओळ. बाबांनी ती खोडली नव्हती.

वसुबारसेच्या संध्याकाळी पट बगलेत मारून मी काकांकडे गेलो. ओसरीवर खुर्चीत बसले होते. मी सगळे सांगितले, वही दाखवली, डाव मांडला. त्यांनी पट अगदी डोळ्यांजवळ ओढून घेतला. हत्ती, वजीर, उंट, एकेक चाल मी करत गेलो. तिसऱ्या चालीला मी थांबलो. काकांचा हात थरथरत आला आणि त्यांनी घोडा उचलून मधल्या घरात ठेवला.

“घोडा,” ते म्हणाले. “पाव घंटा पायलं मी. मले घोडा दिसलाच नाही.”

पुष्कळ वेळ ते काही बोलले नाहीत. आतून कुणी तरी दिवा लावून गेले.

“मास्तरनं मले सांगाले पायजे होतं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण दुखावले होते हे नक्की. “अनारशाचं काई नाही रे. तो पट मांडत नव्हता, मले वाटे, आता मी त्याच्या जोडीचा रायलो नाही. म्हून मीबी कधी म्हटलं नाही, की मास्तर, या बसाले.”

मी मान खाली घालून बसलो. यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरी आलो, पेन्सिल काढली आणि त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. ती माझ्या हातची खूण, बाबांच्या खुणांसारखी ठसठशीत आली नाही.

पाडव्याला डबा येणार नाही अशी माझी खात्री होती. सकाळी आठला काकांची पणती डबा घेऊन दारात उभी! तेच पितळ, तसेच फडके. म्हणाली, “पणजोबांनी निरोप सांगितला आहे. राजा आडवा केला तो केला. सोडलेला डाव फिरत नसतो.”

रिकामा डबा परत पाठवू नये, ही आपली रीत. आजवर आम्ही त्यात साखर घालून पाठवत असू. या वेळी साखर घालायला हात धजेना. सौभाग्यवतींनी शेजारणीकडून अनारशाचे पीठ आणून आयुष्यात पहिल्यांदा अनारसे तळायला घेतले. ते तुपात हसले. एक नाही, झाडून सगळे हसले! त्यांचा तो जाळीदार चुरा तसाच डब्यात भरून आम्ही पाठवून दिला.

भाऊबीजेच्या दुपारी दारात ऑटो थांबली. नातवाच्या खांद्यावर हात ठेवून काका उतरले, ओसरीवर बसले आणि इकडेतिकडे न पाहता म्हणाले, “मांड.”

मी मांडला. मी काही बाबांच्या जोडीचा खेळणारा नाही. तास-दीड तासात माझ्या राजाच्या वाटा एकेक करून बंद झाल्या. शेवटल्या चार चाली मला आधीच दिसत होत्या, पण दर वेळी मला उत्तर एकच उरत होते. नातू शेजारी बसला होता. तोंडातून अवाक्षर काढायचे नाही या अटीवर. मात झाली तेव्हा काकांनी माझा राजा स्वतःच्या हाताने आडवा केला आणि म्हणाले, “पैज फिटली. आता पुढल्या सालापासून तुमच्याकडून.”

तेव्हा आता मला अनारशांची धास्ती का वाटते ते आपल्या ध्यानात आले असेल. यंदा तांदूळ तीन दिवस भिजवून, वाळवून, दळून, गूळ घालून पिठाचा गोळा डब्यात भरून झाला आहे. सौभाग्यवती रोज झाकण उघडून वास घेतात. काकांचा निरोप कालच आला: अनारसे हसले तरी चालतील, पण पट पुसून ठेवा.